उत्पादनांच्या सुरक्षा-चाचणीसाठी प्रयोगशाळांना मिळणारी शासकीय मान्यता : पुण्यातील उद्योजक, विक्रेते आणि ग्राहक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सरकारमान्य प्रयोगशाळा’ म्हणजे नेमकी कोणती?

सर्व उत्पादनांसाठी आणि सर्व कायद्यांसाठी एकदाच मान्यता मिळालेली प्रयोगशाळा भारतात अस्तित्वात नाही. मान्यता नेहमी चार गोष्टींना बांधलेली असते : कोणती चाचणी, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या कायद्यासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. पाटीवर ‘शासनमान्य’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून फारसे काही कळत नाही आणि पुढचे प्रश्न ग्राहकालाच विचारावे लागतात.

विजेवर चालणाऱ्या घरगुती वस्तू, प्रेशर कुकर, हेल्मेट, खेळणी इत्यादींसाठी मान्यता देणारी संस्था भारतीय मानक ब्यूरो ही आहे. खाद्यपदार्थांसाठी हा अधिकार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे आहे. वाहने आणि त्यांचे सुटे भाग यांच्या चाचणी संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये नावानिशी दिलेल्या आहेत. स्फोटक वायू असलेल्या ठिकाणी वापरावयाच्या विद्युत उपकरणांसाठी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसो (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) या संस्थेची मंजुरी लागते, तर दूरसंचार उपकरणांसाठी दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची व्यवस्था वेगळी आहे. यांपैकी एका यंत्रणेची मान्यता दुसरीकडे आपोआप चालत नाही.

मग एनएबीएलचे स्थान कोठे आहे?

एनएबीएल हे चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना मानांकन देणारे, भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत काम करणारे राष्ट्रीय मंडळ असून ही परिषद १९९७ मध्ये स्थापन झाली. प्रयोगशाळा तांत्रिकदृष्ट्या सक्षम आहे की नाही, हे आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आधारे तपासून एनएबीएल तिला मानांकन देते. या मानकाची प्रचलित आवृत्ती २०१७ची आहे. वर उल्लेखलेल्या नियामक संस्थांपैकी मानक ब्यूरो आणि अन्न प्राधिकरण यांच्या मान्यतेसाठी हे मानांकन ही पहिली पायरी मानली जाते. मात्र ती पहिलीच पायरी आहे. एनएबीएलचे मानांकन असलेल्या प्रयोगशाळेला मानक ब्यूरोची मान्यता असेलच असे नाही, आणि हा फरक लक्षात न आल्यामुळे अनेक लघुउद्योजकांचा चाचणीवरील पहिला खर्च वाया जातो.

आमच्या नेहमीच्या प्रयोगशाळेकडे आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आहे. ते पुरेसे नाही का?

नाही. आयएसओ ९००१ हे कोणत्याही संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीसाठी आहे. ते फाउंड्रीला, शाळेला किंवा पतसंस्थेलाही मिळू शकते. तिथे काम करणाऱ्याला गळती विद्युतप्रवाह अचूक मोजता येतो का, त्याच्या मीटरचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची पडताळणी, कोणी केली, मोजमापात किती चूक संभवते, हे प्रश्न त्या तपासणीत विचारले जात नाहीत. १७०२५ चा गाभा नेमका या प्रश्नांत आहे.

प्रयोगशाळेला एनएबीएल आहे म्हणतात, तरी ब्यूरोने अहवाल नाकारला. असे का झाले असावे?

बहुतेक वेळा कारण स्कोपमध्ये असते. मानांकनाच्या मुख्य प्रमाणपत्राला अनेक पानांची एक पुरवणी जोडलेली असते. तीत उत्पादनाचे नाव, चाचणीचे नाव, मानकाचा क्रमांक व वर्ष आणि मोजमापाची कक्षा असे रकाने असतात. यालाच या क्षेत्रातील लोक स्कोप म्हणतात, आणि दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्रापेक्षा महत्त्व या पानांना आहे. मोटारसायकलचा परवाना असलेल्या माणसाने ट्रक चालवावा, तसे एखादी सक्षम प्रयोगशाळा स्कोपबाहेरची चाचणी करू लागली तर तिचा अहवाल तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही मान्यताप्राप्त ठरत नाही.

समजा, एका उद्योजकाला पाणी तापवण्याच्या गीझरची चाचणी करून घ्यायची आहे. साठवण पद्धतीच्या गीझरसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक (आयएस) आहे. प्रयोगशाळेच्या स्कोपमध्ये आयएस ३०२ (भाग १), म्हणजे घरगुती विद्युत उपकरणांच्या सर्वसाधारण सुरक्षेचे मानक असेल, पण आयएस २०८२ नसेल, तर सर्वसाधारण चाचण्या मान्यतेत येतील आणि गीझरच्या खास चाचण्या येणार नाहीत. आयएस २०८२ आहे पण जुन्या वर्षाची आवृत्ती आहे, अशीही अडचण वारंवार येते, कारण मानकात दुरुस्ती झाल्यावर प्रयोगशाळेला स्कोप अद्ययावत करून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तिसरी अडचण पत्त्याची. एकाच कंपनीच्या दोन ठिकाणी प्रयोगशाळा असतील तर मानांकन ज्या जागेसाठी आहे, त्याच जागेत केलेली चाचणी ग्राह्य धरली जाते. चाकणच्या शाखेने केलेल्या कामाला मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेचा स्कोप उपयोगी पडत नाही.

स्कोपची पाने एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेच्या नावाने शोधता येतात. ब्यूरोने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांची यादी भारतीय मानकाच्या क्रमांकानुसार ब्यूरोच्या ‘लिम्स’ या संगणकीय प्रणालीवर पाहता येते आणि तेथे चाचणी शुल्कही दिलेले असते. दरपत्रक मागवण्याआधी या दोन ठिकाणी पाहून घ्यावे.

चाचणी अहवाल मिळाला म्हणजे उत्पादन प्रमाणित झाले का?

नाही, आणि या दोन बाबींची गल्लत सर्वाधिक महाग पडते. प्रयोगशाळा आपल्यासमोर आलेल्या नमुन्याबद्दल बोलते. त्या नमुन्यासारखाच माल कारखान्यातून रोज बाहेर पडेल, ही हमी प्रयोगशाळा देत नाही आणि देऊही शकत नाही. ती जबाबदारी प्रमाणन यंत्रणेची असते.

ब्यूरोच्या आयएसआय चिन्हाच्या योजनेत अहवालाबरोबरच कारखान्याची पाहणी होते, उत्पादन प्रक्रियेतील तपासण्यांचा आराखडा ठरतो आणि परवाना दिल्यावरही कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलले जातात. या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. दुसरी योजना अनिवार्य नोंदणीची असून ती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक व माहिती-तंत्रज्ञान वस्तूंसाठी आहे; तिचा मूळ आदेश २०१२चा. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांवर जे चिन्ह असते त्याखाली ‘आर’ अक्षर आणि आठ अंकी क्रमांक छापलेला असतो. या योजनेत अर्जापूर्वी कारखान्याची पाहणी होत नाही, उत्पादक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबून स्वतः अनुरूपता घोषित करतो. साहजिकच येथे प्रयोगशाळेवरचा भार जास्त आहे, आणि अहवाल अर्जाच्या वेळी नव्वद दिवसांहून जुना असू नये, ही अट त्यामुळेच घातलेली आहे.

आमच्या कारखान्यातच सुसज्ज प्रयोगशाळा आहे. तिचा अहवाल चालेल का?

दैनंदिन तपासणीसाठी ती चालतेच, किंबहुना आयएसआय परवान्यासाठी अशी सोय सहसा अपेक्षित असते. मात्र परवान्यासाठी लागणारा स्वतंत्र अहवाल ब्यूरोच्या स्वतःच्या किंवा ब्यूरोने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा असावा लागतो. ब्यूरोची मध्यवर्ती प्रयोगशाळा साहिबाबादला असून पश्चिम विभागाची मुंबईत आहे.

नमुना आम्ही द्यायचा की तो उचलला जातो? यात एवढे काय महत्त्वाचे आहे?

खूप काही. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असते, ज्याचा आशय असा की निष्कर्ष केवळ चाचणी केलेल्या नमुन्याला लागू आहेत आणि नमुना ग्राहकाने आणून दिला आहे. हे वाक्य औपचारिक नाही. उत्पादकाने निवडून, पुसून, दोनदा तपासून दिलेला नमुना आणि अधिकाऱ्याने गोदामातल्या ढिगातून काढून मोहोरबंद केलेला नमुना यांच्या अहवालांची किंमत सारखी असू शकत नाही. विक्रेत्याने दाखवलेला अहवाल वाचताना आधी हे पाहावे की नमुना कोणी दिला, त्यावर मॉडेल क्रमांक कोणता आहे, आणि अहवालासोबतच्या छायाचित्रातील वस्तू तीच आहे का. चायनीज अडॅप्टरच्या व्यवहारात मॉडेल क्रमांकातील एका अक्षराचा फरक ‘टायपिंगची चूक’ म्हणून सांगितला जातो. तो मान्य करू नये, कारण त्या एका अक्षरामागे आतला ट्रान्सफॉर्मर बदललेला असू शकतो.

सुरक्षा चाचणीत प्रत्यक्षात काय करतात?

विद्युत उपकरणांचे उदाहरण घेऊ. पहिल्या चाचण्यांपैकी एक म्हणजे धातूचे सांधेदार ‘चाचणी-बोट’ उपकरणाच्या प्रत्येक फटीत घालून पाहणे. हे बोट १२ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० मिलिमीटर लांबीचे असते, आणि ते विद्युतभारित भागापर्यंत पोहोचले तर उपकरण तिथेच नापास होते. त्यानंतर उपकरण प्रत्यक्ष वापराइतके तापवून गळती विद्युतप्रवाह मोजतात; अर्थिंग असलेल्या, हाताने हलवता येणाऱ्या उपकरणासाठी त्याची मर्यादा ०.७५ मिलिअँपिअर आहे. प्लास्टिकच्या भागांसाठी तप्त तारेची चाचणी असते. प्रमाणित आकाराचे तारेचे वेटोळे ठरावीक तापमानाला लाल करून १ न्यूटन बलाने ३० सेकंद त्या भागावर टेकवतात. तार काढल्यावर ज्वाला ३० सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि खाली २०० मिलिमीटरवर अंथरलेल्या पातळ कागदाने पेट घेता कामा नये. कोणत्या भागाला किती तापमान लावायचे हे मानकात दिलेले असते. घाऊक बाजारात वजनावर मिळणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डांचे प्लास्टिक या चाचणीत कसे वितळते हे एकदा पाहिलेला माणूस दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करत नाही, असे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ सांगतात ते पटण्यासारखे आहे.

एकाच नमुन्यावर दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे आकडे वेगळे कसे येतात?

प्रत्येक मोजमापाला अनिश्चितता असते आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने ती काढलेली असावी लागते. वरच्याच उदाहरणात गळती प्रवाह ०.७२ मिलिअँपिअर आला आणि अनिश्चितता ०.०५ असली, तर खरा आकडा ०.६७ ते ०.७७ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, म्हणजे तो मर्यादेच्या पलीकडेही असू शकतो. अशा वेळी ‘पास’ म्हणायचे की नाही याचा नियम चाचणीपूर्वीच ग्राहकाशी ठरवणे १७०२५ मध्ये अपेक्षित आहे. आकडे थोडे वेगळे येणे हा दोष नाही. किती वेगळे आले तर तो दोष ठरतो, हे पाहण्यासाठी प्रावीण्य चाचण्या घेतात : एकसारखे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवून प्रत्येकीचा निकाल सर्वांच्या तुलनेत कोठे पडतो ते गुणांकाने काढले जाते. हा गुणांक उणे दोन ते अधिक दोन या मर्यादेत असला तर समाधानकारक, आणि तीनच्या पलीकडे गेला तर प्रयोगशाळेला कारण शोधून सुधारणा करावी लागते. प्रयोगशाळा निवडताना तिचा प्रावीण्य चाचणीतील अलीकडचा निकाल मागण्यास संकोच करू नये.

वाहने आणि बॅटऱ्या यांबाबत पुण्यात कोणत्या संस्था आहेत?

या बाबतीत पुणेकरांना दूर जावे लागत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे, आणि भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. दोन्हींची नावे नियम १२६ मध्ये आहेत. वाहनाच्या प्रत्येक नव्या मॉडेलला विक्रीपूर्वी अशा संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. येथे चाचणी आणि प्रमाणन एकाच छताखाली होते, ही ब्यूरोच्या व्यवस्थेपेक्षा वेगळी गोष्ट आहे.

२०२२ मध्ये विजेवरील दुचाकी पेटण्याच्या घटना पुण्यासह देशात अनेक ठिकाणी घडल्या, त्यानंतर बॅटरी सुरक्षेच्या एआयएस-१५६ या वाहन उद्योग मानकात दुरुस्त्या करून त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यामुळे त्याआधीच्या तारखेचा अहवाल दाखवून ‘आमची बॅटरी मान्यताप्राप्त आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर तो अहवाल खरा असूनही उपयोगाचा नाही.

हेल्मेटला या संस्थांची मान्यता लागते की ब्यूरोची?

ब्यूरोची. आदेश रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे, मानक आयएस ४१५१ हे आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. हेल्मेट घालावे की नाही यावर या शहरात जी चर्चा चालते ती संपण्याची वाट न पाहता, घेतलेच तर चिन्ह पाहून घ्यावे इतकेच येथे सांगता येईल. परदेशी मानकाचे महागडे हेल्मेटही या आदेशातून सुटत नाही.

तुळशीबागेत खेळण्यांचे दुकान आहे. प्रत्येक खेळण्याची चाचणी मला करून घ्यावी लागेल का?

चाचणी करून घेण्याची जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराच्या बाबतीत परदेशी कारखान्याची आहे. परंतु चिन्हाविना माल विकणे, साठवणे आणि विक्रीसाठी मांडणे यांस कायद्याने बंदी आहे आणि ती विक्रेत्यालाही लागू होते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ ही मानके आहेत. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे. त्यांच्याकडून माल घेताना नोंदणीची प्रत मागून दुकानात ठेवावी.

लक्ष्मी रस्त्यावर घेतलेल्या दागिन्याच्या शुद्धतेबद्दल शंका आहे. सराफाच्या दुकानातील यंत्रावर विश्वास ठेवावा का?

शुद्धता हा सुरक्षेचा विषय नसला तरी मान्यतेची पद्धत तीच आहे आणि हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर देणे भाग आहे. दुकानातील यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने दागिन्याच्या वरच्या थराचा अंदाज देते. ब्यूरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात शंका असल्यास सोन्याचा तुकडा घेऊन अग्निपरीक्षण केले जाते : वजन केलेला कण चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत तापवतात, शिसे व इतर धातू निघून गेल्यावर उरलेली गोळी लाटून नायट्रिक आम्लात टाकतात, चांदी विरघळते आणि शेवटी राहिलेल्या सोन्याचे पुन्हा वजन करतात. सामान्य ग्राहकही आपला दागिना अशा केंद्रात शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. दागिन्यावरील सहा अक्षरांकी क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र दिसते. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि चाचणीचे शुल्क मिळण्याची तरतूद ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत आहे.

दूध किंवा पनीर भेसळीचे वाटते. ग्राहक स्वतः तपासून घेऊ शकतो का?

होय. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. ही अट विसरली जाते आणि मग अहवालाचा कायदेशीर उपयोग उरत नाही. पदार्थ दोषी ठरला तर शुल्क परत मिळते.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतल्यास त्याचे चार भाग होतात. चौथा भाग मानांकित प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी विक्रेता करू शकतो, आणि दोन अहवालांत तफावत आली तर अशा वादांसाठी ठरवून दिलेल्या निर्देशित (रेफरल) प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम असतो. पुण्यातील राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा या क्षेत्रातील जुनी शासकीय संस्था आहे.

अमेरिकेतील खरेदीदार ‘एनआरटीएल मार्क’ मागतो. भारतीय प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला तर चालेल का?

बहुधा नाही. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या विद्युत व इतर ठरावीक उपकरणांना राष्ट्रीय मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेची (एनआरटीएल) मंजुरी असावी लागते. ही मान्यता तेथील श्रम विभागाचे व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासन, म्हणजे ओशा, १९८८ पासून देते. ओशा स्वतः एकाही वस्तूची चाचणी करत नाही. खासगी प्रयोगशाळांची तपासणी करून ती त्यांना पाच वर्षांसाठी मान्यता देते, आणि तीही ठरावीक मानकांपुरती व ठरावीक पत्त्यांपुरती. १८९४ मध्ये सुरू झालेली यूएल ही त्यांतील सर्वांत परिचित असली तरी एकमेव नाही. त्याच मानकासाठी मान्यता असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेचे चिन्ह कायद्याच्या दृष्टीने तितकेच ग्राह्य आहे. भोसरीतील कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या उद्योजकाने ही बाब खरेदीदाराच्या लक्षात आणून देऊन दोन-तीन ठिकाणांहून दर मागवणे शहाणपणाचे ठरेल, कारण ‘यूएलच पाहिजे’ हा आग्रह पुष्कळदा कायद्याचा नसून सवयीचा असतो.

या व्यवस्थेत आपल्यापेक्षा एक मोठा फरक आहे. तेथे मान्यताप्राप्त संस्था चाचणी आणि प्रमाणन दोन्ही करते, स्वतःचे नोंदणीकृत चिन्ह देते आणि त्यानंतर कारखान्याला पाहणीसाठी भेटी देत राहते. म्हणजे खर्च एकदाचा नाही. चिन्ह वापरत असेपर्यंत तो वार्षिक खर्च म्हणून किमतीत धरावा लागतो. काही चाचण्या त्या संस्थेच्या देखरेखीखाली उत्पादकाच्या जागेत किंवा अन्य प्रयोगशाळेत करता येतात, पण ते आधी ठरवावे लागते, मागाहून अहवाल जोडून होत नाही.

लहान मुलांच्या वस्तूंसाठी अमेरिकेची पद्धत पुन्हा वेगळी असून तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्वीकारलेल्या प्रयोगशाळेचीच चाचणी लागते. त्यासाठी १७०२५ चे मानांकन आवश्यक असते.

युरोपसाठी ‘सीई प्रमाणपत्र’ पुण्यात मिळते म्हणतात. ते खरे असते का?

सीई हे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावायचे चिन्ह आहे. कमी विद्युतदाबाच्या सामान्य उपकरणांना त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्राची सक्तीच नाही. तांत्रिक कागदपत्रे आणि अनुरूपतेचे घोषणापत्र उत्पादक तयार करतो. गॅसची उपकरणे, अनेक वैद्यकीय साधने, जोखमीची संरक्षक साधने यांना युरोपीय देशांनी अधिसूचित केलेली संस्था लागते आणि तिचा चार अंकी क्रमांक चिन्हाशेजारी येतो. क्रमांक सांगता न येणारे कोणी अशा वस्तूसाठी सुवर्णाक्षरी प्रमाणपत्र विकत असेल तर पैसे वाचवावेत.

एनएबीएलचा अहवाल परदेशात अजिबात चालत नाही, असा याचा अर्थ घ्यायचा का?

तसा नाही. एनएबीएल २००० पासून आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात सहभागी आहे, त्यामुळे सहभागी देशांत मोजमापाची विश्वसनीयता मान्य होते आणि खासगी व्यवहारात अहवाल स्वीकारले जातात. परंतु त्या देशाच्या कायद्याने विशिष्ट संस्थेचे प्रमाणन मागितले असेल, तर हा करार त्या कायद्याची जागा घेत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल स्वतःहून आणावा का?

आणता येईल, पण विरुद्ध पक्ष नमुना कोणी दिला हाच मुद्दा आधी काढेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र मार्ग आहे. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना घेऊन, तो मोहोरबंद करून ‘समुचित प्रयोगशाळे’कडे पाठवतो. अशी प्रयोगशाळा म्हणजे केंद्र किंवा राज्य शासनाने मान्य केलेली, किंवा कायद्याने स्थापन झालेली व शासनाच्या खर्चाने चालणारी. अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे आणि शुल्क प्रथम तक्रारदाराने भरायचे असते. म्हणून जळालेला मिक्सर किंवा फुटलेला कुकर दुरुस्तीला देऊ नये, स्वच्छही करू नये. तो बिलासह जसाच्या तसा ठेवून आयोगाकडे तपासणीसाठी अर्ज करावा.

पुण्यात स्वतःची चाचणी प्रयोगशाळा काढून मान्यता घ्यायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

यंत्रसामग्रीच्या दरपत्रकांपासून सुरुवात करू नये, स्कोपपासून करावी. आधी दोन-तीन मानके निवडावीत आणि त्यांतील प्रत्येक कलमासमोर लागणारे उपकरण, माणूस आणि जागा लिहून काढावी. अर्ध्याच चाचण्या करू शकणाऱ्या प्रयोगशाळेकडे उत्पादक येत नाही, कारण उरलेल्या चाचण्यांसाठी त्याला दुसरा नमुना घेऊन दुसरीकडे जावे लागते. उपकरणांचे कॅलिब्रेशन मानांकित कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून झालेले असावे, जेणेकरून मोजमापाची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तिच्या समकक्ष संस्थेपर्यंत पोहोचते. त्यानंतर प्रावीण्य चाचणीत भाग, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढावा घेऊन एनएबीएलकडे अर्ज करता येतो. परीक्षक प्रत्यक्ष येऊन तंत्रज्ञाला आपल्यासमोर चाचणी करायला लावतात. फायली चोख आणि हात अडखळणारे, ही स्थिती त्यांच्या चटकन लक्षात येते. काढलेल्या त्रुटींची पूर्तता झाल्यावर मानांकन मिळते आणि मग ब्यूरोच्या प्रयोगशाळा मान्यता योजनेत अर्ज करता येतो.

निःपक्षपातीपणाचा मुद्दा कागदावर सोपा वाटतो, पण तो सर्वांत कठीण आहे. प्रयोगशाळेचा मालक त्याच उत्पादनाचा सल्लागार म्हणून शुल्क घेत असेल, किंवा त्याच्या भावाचा कारखाना तोच माल बनवत असेल, तर हा हितसंबंध नोंदवून तो निकालावर परिणाम करणार नाही अशी व्यवस्था दाखवावी लागते. ‘एकाच खिडकीत सल्ला, चाचणी आणि परवाना’ अशी जाहिरात वाचली की या मुद्द्याची आठवण ठेवावी.

दाखवलेला अहवाल खरा आहे हे कसे ओळखावे?

अहवालावर एनएबीएलचे चिन्ह, ‘टीसी’ने सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक आणि प्रत्येक अहवालाला स्वतंत्र असा यूएलआर क्रमांक पाहावा. अनेक अहवालांत या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ किंवा ‘पी’ हे अक्षर असते; ‘पी’ म्हणजे अहवालातील काही चाचण्या मानांकनाबाहेरच्या आहेत. नंतर अहवालाची तारीख मानांकनाच्या मुदतीत बसते का ते संकेतस्थळावर तपासावे आणि शेवटी प्रयोगशाळेला थेट ईमेल करून अहवाल क्रमांक पडताळून घ्यावा. ईमेलचा पत्ता अहवालावरून घेऊ नये, एनएबीएलच्या यादीतून घ्यावा, कारण बनावट अहवालावर संपर्कही बनावट असू शकतो. चिन्हावरील परवाना किंवा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकल्यास उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते.

प्रयोगशाळेची मान्यता निलंबित झाली तर आमच्या जुन्या अहवालाचे काय?

मान्यता चालू असताना दिलेला अहवाल केवळ नंतरच्या निलंबनामुळे आपोआप रद्द होत नाही. परंतु निलंबनाचे कारण त्याच चाचणीतील गंभीर दोष किंवा खोटे अहवाल असे असेल, तर नियामक संस्था पुनर्चाचणी मागू शकते. निलंबित आणि मानांकन काढून घेतलेल्या प्रयोगशाळांची नावे एनएबीएल जाहीर करते. नमुना देण्याच्या दिवशी ती यादी पाहावी, कारण निलंबनाच्या काळात केलेली चाचणी मान्यताप्राप्त धरली जात नाही.

प्रयोगशाळेच्या कामाबद्दल तक्रार कोठे करायची?

प्रथम लेखी तक्रार प्रयोगशाळेकडेच करावी, कारण तक्रारींची नोंद ठेवून उत्तर देणे १७०२५ नुसार तिला बंधनकारक आहे आणि पुढची यंत्रणा त्या उत्तराची प्रत मागते. समाधान न झाल्यास मानांकनासंबंधीची तक्रार एनएबीएलकडे, आयएसआय चिन्ह, नोंदणी किंवा हॉलमार्क यांसंबंधीची ‘बीआयएस केअर’ ॲपवर अथवा ब्यूरोच्या पुणे शाखा कार्यालयात, आणि खाद्यपदार्थांबाबतची अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. कोणत्या दारात जावे हे कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. तक्रारीसोबत अहवालाची पूर्ण प्रत, नमुना दिल्याची पावती आणि शक्य असेल तर नमुन्याचा उरलेला भाग जपून ठेवावा; प्रयोगशाळा चाचणीनंतरचे नमुने ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवतात, म्हणून नमुना नष्ट करू नये अशी विनंती तक्रारीच्या पहिल्याच पत्रात लिहावी.